करार मार्चमध्ये संपतोय आणि सर काहीच बोलत नाहीत

प्रिय ताई,

मी तासगाव तालुक्यातली. पुण्यात एम.एस्सी. केलं, नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, ती सोडून जर्मनीत पीएच.डी.ला आले. विषय वनस्पतींच्या मुळांचा. तीन वर्षांचा करार येत्या ३१ मार्चला संपतोय, रेसिडेन्स परमिटवरही तीच तारीख आहे. माझ्या दोन्ही म्युटंटमध्ये, म्हणजे एकेक जनुक बंद केलेल्या रोपांत, काहीच फरक दिसला नाही. एकही पेपर नाही. सरांशी नीट बोलणं झालं ते जूनमध्ये. तेव्हापासून कॉरिडॉरमध्ये भेटले की ‘मॉर्गेन’ (सुप्रभात) म्हणतात आणि पुढे जातात. ते माझ्यावर नाराज आहेत हे मला कळतं, पण विचारायची हिंमत होत नाही. त्यांनी मला एवढ्या लांबून घेतलं, पगार देतात, आणि मी त्यांना काय दिलं?

फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे, रजा मागायची लाज वाटते. बाबा दर रविवारी विचारतात, कधी संपणार? मी सांगते, संपत आलंय. इथे आता चार वाजताच अंधार पडतो. कितीतरी रविवार असे जातात की फोन सोडला तर कुणाशी एक शब्द बोलले जात नाही. आईला वाटतं मी मजेत आहे. परवा मायक्रोस्कोपखाली मुळांवरचे रोम बघताना तासभर सगळं विसरले होते, पण बाकी सगळं नकोसं झालंय. सोडून परत येऊ का?

– तुमची एक वाचक

अगं,

तुझ्या पत्रात सर आहेत, करार आहे, अंधार आहे, लग्न आहे, पण मला सगळ्यांत जास्त टोचलं ते एक वाक्य: ‘पगार देतात, आणि मी त्यांना काय दिलं?’ सरांना विचारायची हिंमत न होणं, रजेची लाज, बाबांना ‘संपत आलंय’ सांगून वेळ मारून नेणं, हे सगळं त्या वाक्यातून येतंय. तू तिथे उपकाराखाली राहते आहेस. आणि ज्याला तू उपकार समजतेस तो उपकार नाही. म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

आपल्याकडे गाइड म्हणजे गुरू. व्हायवाच्या दिवशी परीक्षकांच्या जेवणाचं कोणी बघायचं, सरांच्या घरच्या कार्याला कोणी राबायचं, हे न बोलता ठरलेलं असतं. त्यातून आयुष्यभराची जिव्हाळ्याची नातीही जुळतात, मी पाहिली आहेत. पण या वातावरणात वाढलेली मुलगी जर्मनीत गेली की तिथल्या प्रत्येक गोष्टीत तिला सरांची कृपा दिसायला लागते. तू एक कर, करार काढून समोर ठेव. नोकरी देणारा म्हणून त्यावर विद्यापीठाचं किंवा राज्याचं नाव असेल, सरांचं नसेल. पगार टीव्ही-एल या राज्यांच्या वेतनकराराप्रमाणे, बहुतेक तेराव्या श्रेणीत. जीवशास्त्रात पुष्कळांचा असतो तसा तो ६५ टक्क्यांचा असेल, तर कागदावर तुझे आठवड्याचे साधारण सव्वीस तास होतात. प्रत्यक्षात तू किती तास लॅबमध्ये असतेस ते तुझं तुला माहीत. सरांनी प्रकल्पाला पैसा मिळवला तो काम करणारं माणूस नेमण्यासाठीच. जाहिरात दिली, मुलाखत घेतली, आलेल्या अर्जांतून तुला निवडलं. तुझ्या कामातून जो पेपर निघेल त्यावर त्यांचंही नाव असणार आहे.

त्याच करारामुळे तुला वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा आहे. आजारी पडलीस तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, त्यानंतर आरोग्य विम्याकडून पैसे येतात. डॉक्टर आजारपणाची जी चिठ्ठी देतात, त्यातून तुला नेमकं काय झालंय हे विद्यापीठाला कळत नाही. हे हक्क तुझ्याआधी तिथे काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या युनियननी झगडून मिळवले आहेत. ते वापरताना मान खाली घालायचं काहीही कारण नाही.

आता सरांच्या गप्प बसण्याबद्दल. मी याच वाटेने गेले आहे आणि जर्मन लॅबमधली शांतता मला चांगली ठाऊक आहे. पुण्यात गाइड बोलावून घेतात, ‘काय झालं त्या प्रयोगाचं?’ म्हणून दारातून विचारतात, चिडतात, आणि दुपारी चहा पाजतात. जर्मनीत बोलावणं आलं नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की काही अडलं तर ही येईल. डॉक्टरेट करणारा माणूस आपलं काम आपण चालवतो, अडलं की आपणहून दार ठोठावतो, असं तिथे गृहीत असतं. दक्षिण जर्मनीत तर एक म्हणच आहे, रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. त्यामुळे ‘मॉर्गेन’ म्हणून पुढे जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून तू जो निकाल वाचते आहेस, तो कदाचित तिथे लिहिलेलाच नाही.

पण मी त्यांची बाजू घेत नाहीये. करार संपायला चार-साडेचार महिने उरलेत आणि जूनपासून भेट नाही, ही त्यांची हयगय आहे. तुझी प्रगती बघणं आणि तू वेळेत सबमिट करशील असं नियोजन करणं हे त्यांचं काम आहे. पीएच.डी.च्या सुरुवातीला तू त्यांच्याबरोबर मार्गदर्शनाच्या एका करारावर सही केली असशील, काही राज्यांत तो कायद्यानेच लागतो. वर्षातून किती भेटी, दुसरे मार्गदर्शक कोण, हे त्यात असतं. फाइलमधून तो कागद शोध.

आणि मग ही मेल पाठव, इंग्रजीत:

‘नमस्कार प्रोफेसर, माझा करार ३१ मार्चला संपतो आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: आत्ता हाती असलेल्या कामातलं प्रबंधात काय जाईल, आणि करार वाढवता येईल का, आला तर किती महिने. एका पानाचा आढावा सोबत जोडला आहे. या किंवा पुढच्या आठवड्यात ४५ मिनिटं मिळतील का? मंगळवारी सकाळी आणि गुरुवारी दुपारी मी मोकळी आहे.’

बस्स. ‘आपण फार कामात असाल’, ‘त्रास देते आहे’, ‘क्षमस्व’ यातलं काही नको. आपल्या कानाला ते नम्र वाटतं. तिकडे वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की घाई नाही, आणि मेल खाली जाते. करार संपतोय हे पहिल्याच ओळीत असू दे. भेट झाली की त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं असं ठरलं’ अशा चार ओळींची मेल टाक. तोंडी ठरलेलं दोघांच्या डोक्यात वेगवेगळं राहतं, आणि पुढे गरज पडली तर ही मेल तुझ्या हाताशी असेल.

त्या एका पानाच्या आढाव्यावर मात्र वेळ घालव. तू लिहिलंस की म्युटंटमध्ये काहीच फरक दिसला नाही, आणि ते तू अपयश म्हणून लिहिलंस. तू अरॅबिडॉप्सिसवर, प्रयोगशाळांत नेहमी वापरतात त्या छोट्या रोपावर, काम करतेस असं मी धरून चालते. त्या रोपात अनेकदा एका जनुकाला जवळची भावंडं असतात आणि एक बंद पडलं तर दुसरं त्याचं काम सांभाळून घेतं, हे तुझ्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा दोन म्युटंट तयार केले, तपासले, फरक आढळला नाही, तपासणी कशी केली, हा निकाल आहे. तो निकालासारखाच लिही. खरा प्रश्न पुढचा आहे: आता दोन्ही जनुकं बंद असलेलं रोप करायचं का? बी पेरल्यापासून पुन्हा बी हाती यायला सहा ते आठ आठवडे लागतात. संकर, मग त्याची पुढची पिढी, मग हवी ती रोपं वेचणं, असं धरलं तर निम्मं वर्ष सहज जातं. मार्चच्या आत ते होणार नाही. म्हणजे करार वाढला तर हे, नाही वाढला तर आहे तेवढ्यावर प्रबंध, असे दोन रस्ते त्या पानावर मांड आणि दोन्हींना महिने लिही. असं पान घेऊन आलेल्या मुलीशी बोलणं कोणत्याही प्रोफेसरला सोपं जातं. जून ते नोव्हेंबर तू त्यांना टाळत असलीस तर कदाचित त्यांनाही काय विचारावं ते कळत नसेल.

पेपर नाही म्हणून प्रबंध होणार नाही, असंही आत्ताच धरू नकोस. तुझ्या फॅकल्टीची पीएच.डी.ची नियमावली उघड. प्रकाशित पेपर एकत्र बांधून प्रबंध करण्याचा एक प्रकार असतो आणि सलग लिहिलेल्या प्रबंधाचा दुसरा. दुसऱ्या प्रकारात अनेक ठिकाणी आधी पेपर छापून आलेला असण्याची अट नसते. तुझ्याकडे काय आहे ते त्या नियमावलीतच कळेल, लॅबमधल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. (आपल्याकडेही यूजीसीने २०२२ च्या नियमांत पेपरची सक्ती काढून टाकली.)

इरावती कर्वे तुला ठाऊक आहेतच. बर्लिनमधून त्यांनी १९३० साली डॉक्टरेट मिळवली. गाइड होते ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांनी शास्त्राचा टेकू दिला तेच. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध लागेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. महाराष्ट्रातून गेलेली, पंचविशीतली एकटी बाई, समोर एवढा बडा माणूस, आणि हातात त्याला नको असलेला निकाल. तिने तो लपवला नाही आणि डिग्री घेऊन परत आली. तुझ्या सरांना तर तुझ्या निकालाने दुखवलंही नसेल. त्यांनी तो अजून नीट पाहिलेलाच नाही.

मेलला आठवडाभरात उत्तर आलं नाही तर सरांच्या सेक्रेटरीकडे जा. प्रोफेसरांचं कॅलेंडर त्यांच्या हातात असतं, आणि ‘माझा करार मार्चमध्ये संपतोय, मला वेळ हवी आहे’ एवढं सांगितलं की त्या जागा काढून देतात. तरीही काही हललं नाही, तर दुसऱ्या मार्गदर्शकांना आणि ग्रॅज्युएट स्कूलच्या कोऑर्डिनेटरना लिही. ही चहाडी नाही, ती माणसं त्यासाठीच नेमलेली असतात. त्याच्याही पुढे प्रत्येक विद्यापीठात ओम्बुड्सपर्सन, म्हणजे तक्रारी ऐकून घेणारी तटस्थ माणसं, असतात, त्यांच्याशी झालेलं बोलणं गुप्त राहतं. आणि तू कर्मचारी आहेस म्हणून पेर्सोनालराट, म्हणजे कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती, तुझीही आहे. मला वाटतं तुला तिथपर्यंत जावं लागणार नाही. पण ते दार आहे हे माहीत असलं की मेल लिहिताना हात कमी थरथरतो.

आता तारखांचं. यात गफलत नको, म्हणून नीट वाच.

मुदतीचा करार संपत असेल तर निदान तीन महिने आधी रोजगार कार्यालयात, आर्बाइट्सअगेंटूरमध्ये, नाव नोंदवायचं असतं. तुझ्या बाबतीत ३१ डिसेंबरच्या आत. करार वाढेल अशी आशा असली तरी नोंदव, वाढला तर कळवून टाकायचं. उशीर केला तर बेकारी भत्त्याचा एक आठवडा कापला जातो. तीन वर्षं तुझ्या पगारातून त्याचा हप्ता गेला आहे, पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ तुला सापडेल. मूलबाळ नसलेल्याला हा भत्ता निव्वळ पगाराच्या ६० टक्के असतो.

करार वाढवायला कायद्याची आडकाठी नसावी. विद्यापीठांतल्या मुदतीच्या नोकऱ्यांसाठी जो कायदा आहे त्यात डॉक्टरेटच्या आधी एकूण सहा वर्षं मिळतात, तुझी तीन झाली आहेत. अडचण आली तर ती पैशाची येईल. म्हणून भेटीत स्पष्ट विचार की प्रकल्पात पैसे आहेत का, नसतील तर विभागाकडे काही महिन्यांची सोय होईल का. आंतरराष्ट्रीय कार्यालयातही जाऊन ये. परदेशी विद्यार्थ्यांना शेवटच्या टप्प्यात काही महिने हातभार लावणाऱ्या शिष्यवृत्त्या असतात, त्यांतल्या काहींना डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा पैसा असतो. त्यांच्या अर्जाच्या तारखा लवकर निघून जातात. आणि तीन वर्षांत संपलं नाही याची खंत करू नकोस. जीवशास्त्रात तिथे चार वर्षं लागणं अगदी नेहमीचं आहे.

रेसिडेन्स परमिटचा अर्ज जानेवारीतच घाल. आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, अपॉइंटमेंट मिळायला काय काय करावं लागतं ते तुला मी सांगायला नको. महत्त्वाचं एवढंच की अर्ज जुनं परमिट संपायच्या आत पोचला पाहिजे. तो वेळेत पोचला की निकाल लागेपर्यंत जुनं परमिट चालू आहे असं मानलं जातं आणि त्याचा कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्या कागदावर निवास कायद्याच्या कलम ८१ चं चौथं उपकलम आहे ना, ते तपासून घे. ते असलं की बाहेर जाऊन परत येता येतं, तिसरं असलं तर येत नाही. नोकरी संपली म्हणून दुसऱ्याच दिवशी विमानात बसावं लागतं, अशी भीती तुझ्या वयाच्या मुलांमध्ये पसरलेली असते. तसं होत नाही. पण परमिट ज्या कारणासाठी दिलं ते कारण बदललं तर ते कार्यालयाला कळवावं लागतं, आणि त्याआधी विद्यापीठातल्या परदेशी संशोधकांच्या सल्ला केंद्रात कागद दाखवावेत. डिग्री हातात पडल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचं परमिट मिळू शकतं, हेही लक्षात असू दे.

इतकं सगळं करायला अंगात बळ लागतं, आणि ते सध्या तुझ्यात कमी आहे हे पत्रातून दिसतंय. ‘सगळं नकोसं झालंय’ असं तू लिहिलंस. मी तुला सरळ विचारते, त्यात जगणंही नकोसं झालंय असं आहे का? तसं असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आजच कुणाला तरी सांग. टेलिफोनझेलझोर्ग या हेल्पलाइनचा ०८०० १११ ० १११ हा नंबर जर्मनीत रात्रंदिवस आणि फुकट चालतो, समोरचं माणूस बहुधा जर्मन बोलतं. जिवाला धोका वाटला तर ११२. आणि तसं नसेल, नुसता थकवा आणि उदासी असेल, तरी स्टुडिएरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या समुपदेशन केंद्रात वेळ घे. तू विद्यापीठात नाव घातलेलं असेल तर ती सोय तुझ्यासाठीही आहे आणि इंग्रजीत बोलणारं माणूस बहुतेक मिळतं. दीर्घ उपचार लागले तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, किंवा ११६ ११७ वर फोन कर, थेरपिस्टची पहिली भेट ते ठरवून देतात. ‘नेचर’ने २०१९ मध्ये जगभरच्या सहा हजारांहून जास्त पीएच.डी. विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ३६ टक्क्यांनी सांगितलं की पीएच.डी.मुळे आलेल्या चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी त्यांनी मदत घेतली आहे. तुझ्या मजल्यावरचेही काही जण घेत असतील. ते बोलत नाहीत, तूही बोलत नाहीस.

नोव्हेंबर ते जानेवारी हे तिथले सगळ्यांत वाईट महिने. आपण उन्हात वाढलेली माणसं, ते अंगावर येतं. दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर चाल, पाऊस असला तरी. दुपारी तू डबा डेस्कवर बसून खातेस का, ते लिहिलं नाहीस. खात असलीस तर डबा घेऊन मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, लॅबच्या लोकांबरोबर बस. ते विचारणार नाहीत, पण तू आलीस तर सरकून जागा देतील. त्यांच्या गप्पा जर्मनमध्ये वळल्या तर वळू देत, कान बसेल. आणि रविवारसाठी काहीतरी ठरलेलं असू दे, जिथे तू गेली नाहीस तर कुणाच्या तरी लक्षात येईल. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग स्वस्त असतात, गावात गाण्याचे समूह असतात, गिर्यारोहकांचे क्लब असतात. जर्मन माणूस ओळख करून घ्यायला वेळ लावतो, पण दर आठवड्याला तोच चेहरा दिसला की तो माणूस आपला होतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जरूर जा, तिथलं जेवण आणि तिथलं हसणं दोन्ही औषधासारखं आहे. मात्र तिथेही ‘मग, कधी संपतंय?’ विचारणारे भेटतील. सगळ्यांना उत्तर देत बसू नकोस. जिच्यापाशी रडता येईल अशी एक मैत्रीण मिळाली की पुरे.

सोडून येऊ का, असं विचारलंस. माझं मत विचारशील तर आत्ता नको, आणि याचा अर्थ कधीच नको असा नाही. आज तुला हेच माहीत नाही की तुझं काम कुठवर आलंय, करार वाढणार आहे का, सर काय म्हणतात. एवढं माहीत नसताना घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, ती नुसती सुटका असते. सरांची भेट होऊ दे, दुसऱ्या मार्गदर्शकांशी बोल, पैशाचं कळू दे, आणि दिवस थोडे मोठे झाले की मार्चच्या सुरुवातीला हा प्रश्न स्वतःला पुन्हा विचार. तेव्हा असा विचार की सर चांगले असते आणि पैसे असते, तर हे काम मला करायचं होतं का? मुळांवरचे रोम बघताना तू तासभर सगळं विसरलीस, हे वाचून मला वाटतं की तुझं भांडण कामाशी नाही, भोवतालच्या परिस्थितीशी आहे. पण ते ठरवायची तू. उत्तर ‘नाही’ आलं तर खुशाल सोड. मुळांवर तीन वर्षं काम केलेली, मायक्रोस्कोपी येणारी मुलगी जालन्याच्या बियाणं कंपन्यांपासून पुण्याच्या प्रयोगशाळांपर्यंत कुठेही उभी राहू शकते. तू परत आलीस तर नापास होऊन आलीस असं म्हणायचा हक्क कुणालाही नाही, सरांना नाही आणि गावालाही नाही.

आई-बाबांचं. हे वाचणाऱ्या इतर पालकांनाही हात जोडून सांगते, पीएच.डी.ला असलेल्या मुलांना ‘कधी संपणार’ हे दर रविवारी विचारू नका. शेताला किंवा इमारतीला जशी पूर्ण व्हायची तारीख असते तशी या कामाला नसते, आणि तारीख सांगता येत नाही म्हणून मुलं खोटं बोलायला लागतात. ‘या आठवड्यात काय बघितलंस?’ असं विचारा. तुझे बाबा काय करतात ते तू लिहिलं नाहीस, पण त्यांना रोपाच्या मुळाबद्दल ऐकायला आवडणार नाही असं मला वाटत नाही. मुळांवरच्या रोमांचे फोटो पाठव त्यांना. आणि ‘संपत आलंय’ सांगणं थांबव. त्याऐवजी जे आहे ते सांग: करार मार्चमध्ये संपतोय, वाढवायचं बघते आहे, प्रबंध बहुधा त्यानंतर होईल. एवढं ते पेलतील.

उरलं लग्न. भावाच्या लग्नाला जायचं आहे, आणि रजा ‘मिळेल का’ असं न विचारता तारखा देऊन अर्ज टाकायचा आहे. आजच टाक. लग्न आटपून पळत येऊ नकोस, निदान दोन आठवडे घे. रोपांचं बघायला लॅबमधल्या कुणाला तरी सांग, तिच्या सुट्टीत तू तिची बघशील. परमिट ३१ मार्चपर्यंत आहे म्हणजे फेब्रुवारीच्या प्रवासाला अडचण नाही, फक्त वाढवायचा अर्ज निघण्याआधी गेलेला असू दे आणि त्याची पोच जवळ ठेव. आणि पाहुणे येऊन घर भरायच्या आधी जे एक-दोन दिवस मिळतील, त्यातली एक संध्याकाळ आईसाठी राखून ठेव. तू मजेत नाहीस हे फोनवर सांगायला जमणार नाही. तिच्या शेजारी बसून जमेल.

– ताई